पंधरा ऑगस्टला आमचं घर भरतं

(चळवळीच्या युवक शिबिरात केलेलं भाषण. छापताना बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय : 'राष्ट्रीय सण आणि आपण'. बघितल्याबरोबर मला शाळेतली निबंधाची वही आठवली. 'आमच्या गावी १५ ऑगस्ट मोठ्या उत्साहात साजरा झाला' अशी सुरुवात करायची, मध्ये प्रभातफेरी, गोळ्या-बिस्किटं, पाहुण्यांचं भाषण, आणि शेवटी भारतमातेचा जय. दहापैकी सात मार्क ठरलेले. तसला निबंध वाचायला मी इथं आलो नाही. मी माझ्या घराचं सांगणार आहे. कारण आमच्या घरी १५ ऑगस्ट खरोखरच साजरा होतो, आणि मोठा होतो. ३१ माणसं जमतात. एवढी माणसं आमच्या घरात दिवाळीला जमत नाहीत, ६ डिसेंबरला जमत नाहीत, २६ जानेवारीला तर नाहीतच नाहीत. १५ ऑगस्टलाच का जमतात ते आधी सांगतो. मग जमून काय करतात ते सांगतो. तो सण आहे की दुसरं काही, ते तुम्ही ठरवा.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठचं, गंगाखेड-सोनपेठच्या पट्ट्यातलं. माझ्या आज्याला चार पोरं आणि दोन पोरी. माझा बाप थोरला. मधले दोन चुलते ऊसतोडीला जायचे, आता त्यांची पोरं जातात. धाकटा चुलता भोसरीला कंपनीत. एक आत्या पूर्ण्याला रेल्वेच्या माणसाच्या घरी दिलेली, दुसरी परभणी शहरात. मी जिल्ह्याच्या ठिकाणी कारकुनी करतो. म्हणजे घर एक आणि बिऱ्हाडं आठ.

आता तुम्ही शहरातली पोरं. ऊस तुम्हाला रसवंतीच्या गाड्यावर भेटतो. म्हणून थोडं फोडून सांगतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची टोळी हलते. नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता'. बघा, माणसाला नावसुद्धा हत्याराचं. पावसाळ्यातच मुकादमानं 'उचल' दिलेली असते, म्हणजे हंगामाआधीच मजुरी अंगावर टाकलेली असते. ती उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचं. फडाशेजारी कोपी घालायची. पहाटे अंधारात उठायचं, तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. मजुरी टनावर. जो दिवस खाडा, तो दिवस अंगावर. मार्च-एप्रिलपर्यंत हेच. हंगाम लवकर आटपला तर १४ एप्रिलच्या मिरवणुकीला घरी, नाहीतर ती मिरवणूकही फडातच संपते.

आता कॅलेंडर काढा. २६ जानेवारी येते कधी? ऐन गाळपात. बाबासाहेबांनी रात्री जागून जी राज्यघटना उभी केली, ती १९५० साली ज्या दिवशी लागू झाली, तो आमचा खरा दिवस. त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर झेंडा चढतो आणि आमचे लोक फडात वाकलेले असतात. घरी एखादी म्हातारी, दोन शेळ्या आणि शाळेतली लेकरं. घटना लागू होण्याच्या दोन महिने आधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की आपण एका विसंगतीत पाऊल टाकतोय : राजकारणात समता, समाजात आणि पैशाअडक्यात विषमता. आमच्या घरात ही विसंगती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसते. जो दिवस आमचा, त्या दिवशी घर रिकामं. जो दिवस काळा म्हणून आमच्या बापानं जाहीर केला, त्या दिवशी घर भरलेलं. कारण ऑगस्टात ऊस उभा असतो, कारखाने बंद असतात आणि कोयते घरी असतात. आमच्या कुटुंबाचा राष्ट्रीय सण देशानं ठरवलेला नाही. तो साखर कारखान्यानं ठरवलाय!

बाप काळा दिवस का म्हणाला, ते सांगायच्या आधी आज्याचं सांगतो. आज्याला १५ ऑगस्ट १९४७ माहीतच नव्हता. दिल्लीत झेंडा चढला तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथं तिरंगा हातात धरला तर तुरुंग. पुढं १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदुस्थानचं लष्कर शिरलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. तोच आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून सरकारी कचेऱ्यांत साजरा होतो. आज्याला विचारलं की तो म्हणायचा, "रजाकार गेला, बरं झालं. पण वेठ सांगणारा व्हता तोच ऱ्हायला. आधी निजामाच्या नावानं बोलवायचा, मंग काँग्रेसच्या नावानं." आज्याला तेरा महिने उशिरा स्वातंत्र्य आलं, आणि ते वेशीच्या आत येऊन थांबलं. वस्ती तर वेशीच्या बाहेर.

आता बापाचं. १९७२ साल. दुष्काळ पडलेला. गावोगाव खडी फोडायची कामं. बाप तेव्हा औरंगाबादला मिलिंद कॉलेजात, वसतिगृहात. त्याच वर्षी आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. देश स्वातंत्र्याची पंचविशी साजरी करायच्या तयारीत होता. मुंबईत पँथर उभी राहिली होती आणि तिनं १५ ऑगस्ट काळा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला. त्याच तारखेच्या 'साधना' अंकात राजा ढाले यांचा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. ढाल्यांनी काय केलं? दोन दंड शेजारी-शेजारी मांडले. राष्ट्राच्या प्रतीकाचा अपमान केला तर ३०० रुपये. दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर ५० रुपये. बस्स, एवढाच हिशोब. लोक चिडले ते झेंड्याबद्दल लिहिलेल्या शब्दांवर. ५० रुपयांवर फार थोडे चिडले.

बापानं तो अंक वसतिगृहात वाचला. हातोहात फिरून चिंध्या झालेला अंक. पुढच्या वर्षी, १९७३ ला, तो १५ ऑगस्टला गावी आला. घरावर काळा झेंडा लावायचा ठरवून आला. पण काळं कापड कुठलं? दुष्काळातून नुकतं उठलेलं घर. दोरीवर माझ्या आजीचं एक जुनं काळं लुगडं वाळत होतं. बापानं ते ओढलं आणि काठीला बांधलं. आजी पाण्याची घागर घेऊन आली. तिनं काठीकडं बघितलं, घागर उतरवली आणि सगळ्या वस्तीदेखत बोलली :

"तिकडं बाईचं लुगडं फेडलं म्हून तू बोंबलायलास, अन् हितं मायचं लुगडं न इचारता काठीला बांधायलास? इचारलं का मला?"

बाप पँथर होता. लेख तोंडपाठ होता. पण ह्या प्रश्नाला उत्तर लेखात नव्हतं. त्यानं लुगडं सोडलं, घडी केली, मायच्या हातात दिलं आणि मग मागितलं. आजीनं ते नीट झटकलं आणि स्वतःच्या हातानं काठीला बांधलं. आमच्या घरावरचा पहिला काळा झेंडा असा चढला. तेव्हापासून 'इचारलं का?' ही आमच्या घरातली म्हण झालीय. शेळी विकायची, पोरगी द्यायची, उचल घ्यायची, कुठंतरी कोणीतरी म्हणतंच, "इचारलं का?"

त्याच रात्री बापानं एक वही उघडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. एका बाजूला 'मिळालं', दुसऱ्या बाजूला 'गेलं'. पहिल्या पानावर दुसरं काही नाही, ढाल्यांचे दोन आकडे आहेत : ३०० आणि ५०. दर १५ ऑगस्टला सगळं घर बसवून ह्या वहीत वर्षाचा हिशोब लिहायचा असं ठरलं. आमचा सण म्हणजे हा.

तर त्या दिवशी सकाळी लेकरं शाळेत झेंडावंदनाला जातात. त्यांना कोणी अडवत नाही. येताना तालुक्यावरून जिलबी येते. श्रावण असतो, गावात उपासतापास चालू असतात. आमच्या घरी धर्मांतरापासून श्रावण बंद, म्हणून दुपारी मटण आणि ज्वारीच्या भाकरी. ड्राय डे असतो. सरकारी दुकानाचं पुढचं दार बंद आणि मागचं उघडं, हे तुम्हालाही माहीत आहे. पण आजीचा कायदा : हिशोब झाल्याशिवाय कोणी प्यायचं नाही. आजी गेली, कायदा राहिला. आणि संध्याकाळी पत्र्याच्या सपराखाली सगळे बसतात आणि वही निघते.

वहीतली दोन-तीन पानं सांगतो.

१९७८ चं पान कोरं आहे. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळ्यांना मारलं. १५ ऑगस्टला आमचं घर गावात नव्हतंच. तालुक्याला पाहुण्यांच्या ओसरीवर होतं. माय तेव्हा सात महिन्यांची पोटुशी, पोटात मी. वही गावातच राहिली होती. नंतर बापाला म्हटलं तर त्यानं ते पान भरलं असतं. भरलं नाही. म्हणतो, "कोरंच ऱ्हाऊ दे. वाचता येतंय."

१९९० च्या पानावर चुलत्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात आहे : 'मिळालं : अत्याचाराचा कायदा'. १९८९ साली जो ॲट्रॉसिटीचा कायदा झाला, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे कपडे उतरवणं, त्याची नग्न धिंड काढणं हा वेगळा गुन्हा म्हणून नोंदवला गेला. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं आणि वर दंड. चुलत्यानं पुढं कंसात लिहिलंय : 'पहिलं पान बघा'. म्हणजे ५० रुपयांपासून पाच वर्षांपर्यंत यायला सतरा वर्षं लागली. कायदा वर्गात पाठ करून मिळाला नाही. काळे झेंडे लावून, लाठ्या खाऊन, हिशोब मांडून मिळाला. आणि कागदावर आला म्हणजे ठाण्यात आला असं नाही, हेही त्याच वहीत पुढच्या पानांवर आहे.

आता २०२४ चं पान. ते माझ्या अक्षरात आहे. वही आता मी लिहितो. आणि ह्या पानाबद्दल बोलायचं म्हणूनच मी आज इथं उभा आहे. बाकीचं सगळं त्याची प्रस्तावना समजा.

त्या १५ ऑगस्टला जिलबी झाली, मटण झालं, वही निघाली. माझ्या चुलत भावाची पोरगी, माझी पुतणी, नववीतली, पंधरा वर्षांची. ती उठून उभी राहिली. आमच्या हिशोबात लेकरं सहसा बोलत नाहीत. ती म्हणाली, "काका, लिहा. दिवाळीआधी माझं लगीन ठरलंय. मला इचारलं नाही."

सपराखाली बसलेल्यांपैकी निम्म्यांना हे माहीत होतं. मला माहीत होतं. मागल्या हंगामाची उचल फिटली नव्हती. मुकादमानं मार्ग सुचवला होता : पोरगीचं उरकून टाका, जावई फडावर जाणाराच बघितलाय, नवा कोयता तयार होतो, नव्या कोयत्याची नवी उचल मिळते. आमच्या भागात अशी लग्नं होतात आणि अक्षता टाकायला आपलेच लोक असतात.

आता माझं सांगतो. पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं नाही. मी भावाकडं बघितलं. ब्राह्मणगावावर भाषणं देणारा मी, बालविवाहाचा कायदा कलमासकट सांगणारा मी, पेनाचं टोपण लावून बसलो. तेव्हा पूर्ण्याची आत्या बोलली, "लिही की. का हात झिजतो?" मग लिहिलं.

भाऊ उसळला. आणि त्याचं ऐका, कारण त्याचंही खोटं नव्हतं. म्हणाला, "तुमी पगारदार लोक वर्साला एक दिस येता, जिलबी खाता, वही लिहिता अन् जाता. ती शाळेत ऱ्हायली तर फडात धाकट्याला कोण संभाळील? उचल कोण फेडील, तुमची वही?"

मित्रांनो, १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात नाइलाजानं केलेली मजुरी ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठच आहे. हे मला माहीत होतं. भावाला सांगून काय उपयोग होता? त्याला कलम नको होतं, त्याला माणूस पाहिजे होता. आणि आम्ही एका ताटात जेवणारी माणसं एका वर्गाची उरलो नव्हतो. बाबासाहेबांच्या सवलतीनं आम्ही चार घरं पगाराला लागलो आणि दोन घरं कोयत्यालाच राहिली. त्या दोन घरांच्या घामावर आम्ही वर्षाला एक भाषण करत होतो.

त्या रात्री खरा हिशोब झाला. पहाटेपर्यंत चालला. भांडण झालं, एक चुलता उठून गेला, परत आला. शेवटी ठरलं ते एवढं : लग्न मोडायचं. उचलीची बाकी चार पगारदार घरांनी महिन्या-महिन्यानं फेडायची. पुतणी आणि तिचा धाकटा भाऊ गावात माझ्या मायपाशी राहतील आणि पुतणी शाळेत जाईल. मुकादम दारात येऊन बोलून गेला, चार पाहुणे तुटले. त्या वर्षी भाऊ आणि वहिनी फडावर गेलेच, त्यातून त्यांची सुटका झाली नाही. ही विजयाची गोष्ट नाही. एका पोरीचं एक वर्ष वाचलं, एवढंच वहीत 'मिळालं' खाली लिहिलंय.

पुढं डिसेंबर आला. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्या-वस्त्यांतून धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा वडार समाजातला तरुण. अटक झाली आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमा निघाल्या. त्याच्या आईनं सरकारचे दहा लाख नाकारले. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. २०२५ च्या १५ ऑगस्टला हे लिहायची वेळ आली तेव्हा बापानं वही मागून घेतली. हात थरथरतो आता त्याचा. त्यानं पहिल्या पानाखाली, ३०० आणि ५० च्या खाली, तिसरा आकडा लिहिला : १०,००,०००. आणि पुढं : 'आईनं घेतले नाहीत'. माणसाची किंमत सरकारनं वाढवलीय, पण दर सरकारच ठरवतंय. त्या आईनं दरच मोडला.

आणि त्या दोन्हींच्या मधली २६ जानेवारी २०२५. घरी माय, पुतणी आणि तिचा भाऊ, तिघंच. पुतणीनं शाळेत उद्देशिका वाचली. घरी येऊन फडावर आईला फोन लावला आणि पुन्हा वाचली. वहिनी मोळीवर बसून ऐकत होती. मध्येच रेंज गेली. फोन परत लागला तेव्हा पोरीनं विचारलं, "कुठपातूर आलं?" वहिनी म्हणाली, "समानतेपातूर आलं गं. पुढचं गेलं." पुढचं म्हणजे बंधुता. (हशा) हसू नका. ती पोचवायची जबाबदारी मोबाईल कंपनीची नाही. ती आपली आहे.

तुम्ही मला विचारणार, मग १५ ऑगस्टला तिरंगा की काळा? २०२२ साली सरकारनं घरोघर तिरंगा वाटला तेव्हा आमच्याही घरावर लागला, लेकरांनी लावला. बाप आजही १५ ऑगस्टला वंदनाला उभा राहत नाही, २६ जानेवारीला काठी टेकत शाळेपर्यंत जातो. पुतणी दोन्ही दिवस उभी राहते. म्हणते, "आज्या, तुम्ही भांडलात म्हून मी उभी हाय." बाप यावर काही बोलत नाही. हा वाद आमच्या घरात मिटलेला नाही आणि मिटवायची मला घाई नाही. झेंड्याचा रंग कोणताही असो, त्याखाली हिशोब मांडला जातो की नाही, एवढं मी बघतो.

शेवटचं तुमच्यासाठी. तुम्ही १५ ऑगस्टला स्टेटस ठेवता, कोणी तिरंगा, कोणी काळा. ठेवा. पण त्याच संध्याकाळी घरी एक वही उघडा. सरकारकडून काय मिळालं, काय गेलं, ते लिहा. मग तिच वही घराकडं फिरवा. ३१ माणसांच्या भाकरी दिवसभर कोणी थापल्या, ते लिहा. आमच्या वहीत हे लिहायला आम्हाला पन्नास वर्षं लागली. गावी राहिलेल्या चुलत्याच्या अंगावर उचल किती, ते फोन करून विचारा. घरातल्या पोरीला विचारा. आणि ती बोलली तर पेनाला टोपण लावू नका. मी लावलं होतं.

जय भीम.